अधिकार नसलेला मदतनीस : विद्यार्थी सेवक आणि पोलीस यांच्या नात्याविषयी एक संवाद

विद्यापीठाच्या आवारातील सुरक्षेच्या कामात विद्यार्थ्यांनी पोलिसांना साहाय्य करावे काय, आणि करावयाचे झाल्यास कोणत्या मर्यादेपर्यंत, हा प्रश्न वरवर पाहता व्यवस्थापनाचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी राज्यसत्तेचा अंश सामान्य नागरिकाच्या हाती किती द्यावा, हा जुना राजकीय प्रश्न आहे. अमेरिकेत अनेक विद्यापीठांचे स्वतःचे पोलीस दल असते. १८९४ मध्ये येल विद्यापीठाने न्यू हेवन शहराच्या दोन पोलिसांना आपल्या आवारासाठी नेमले, तेथून या प्रथेचा आरंभ मानला जातो. पुढे १९६७ मध्ये गुन्हेगारी व न्यायव्यवस्थेच्या अभ्यासासाठी नेमलेल्या राष्ट्राध्यक्षीय आयोगाने ‘समुदाय सेवा अधिकारी’ हे नवे पद सुचविले. साधारणतः सतरा ते एकवीस वर्षांच्या तरुणाने गणवेश घालावा, पण शस्त्र व अटकेचे पूर्ण अधिकार न घेता पोलीस आणि वस्ती यांच्यामधील सेवेची कामे करावीत, अशी ती कल्पना होती. तेथील अनेक विद्यापीठांत हे काम विद्यार्थ्यांकडे आले. रात्री ग्रंथालयातून वसतिगृहाकडे निघालेल्या व्यक्तीस सोबत करणे, इमारती बंद झाल्या की नाही ते पाहणे, हरवलेल्या वस्तूंची नोंद ठेवणे आणि गरज भासल्यास बिनतारी संचावरून पोलिसांना बोलावणे, ही कामे तेथे विद्यार्थी तासाच्या वेतनावर करतात.

भारतात अशी स्वतंत्र परिसर-पोलीस यंत्रणा नाही. आवाराच्या फाटकावर बहुधा २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था नियमन कायद्याखाली परवाना घेतलेल्या संस्थेचा पहारेकरी असतो, वसतिगृहात अधीक्षक असतो आणि गुन्हा घडल्यास नेहमीचे पोलीस ठाणे असते. या तिघांमधील मोकळी जागा कोणी भरावी, हे मात्र ठरलेले नाही. कर्नाटकातील बीदर तालुक्यातील कमठाणा आणि त्याच्या आसपासच्या गावांना या प्रश्नाची झळ विशेष लागते, कारण उच्च शिक्षणाची केंद्रे या भागात गेल्या काही दशकांत वाढली आहेत : कलबुरगीचे गुलबर्गा विद्यापीठ १९८० चे, बीदरच्या नंदीनगर येथील पशुवैद्यकीय विद्यापीठ २००५ चे, तर आळंद तालुक्यातील कडगंची येथील केंद्रीय विद्यापीठ २००९ चे. पुढील संवादातील दोन्ही व्यक्ती प्रातिनिधिक आहेत. एक बीदरच्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहणाऱ्या प्राध्यापिका, आणि दुसरे सीमाभागातील ठाण्यांत नोकरी करून कमठाण्यात स्थायिक झालेले निवृत्त फौजदार. सेवेचा कैवार शिक्षकाने घ्यावा आणि शंका पोलिसाने काढाव्यात, ही मांडणी हेतुपुरस्सर केलेली आहे. कारण अधिकार कसा वापरला जातो हे ज्याने तो वापरला आहे त्यालाच अधिक ठाऊक असते.

प्राध्यापिका : साहेब, प्रश्न गुन्हेगार पकडण्याचा नाहीच. कमठाण्याची मुलगी बीदरच्या महाविद्यालयात जाते, औराद, कमलनगर, भालकी, बसवकल्याण येथून मुले येतात, पलीकडे महाराष्ट्रातील उदगीर आणि देगलूरहूनही येतात. प्रयोगशाळा उशिरा सुटते, शेवटची बस चुकते, बसमध्ये कोणी त्रास देतो. तेव्हा या मुलीला पहिला प्रश्न पडतो तो सांगायचे कोणाला, आणि दुसरा, कोणत्या भाषेत सांगायचे. ठाण्याचा कारभार कन्नडमध्ये, घरची भाषा मराठी, मैत्रिणीची उर्दू किंवा तेलुगू. अशा वेळी तिच्याच वयाचा, तिचीच भाषा बोलणारा आणि पुढचा मार्ग ठाऊक असलेला विद्यार्थी भेटला, तर निम्मे काम तेथेच होते. घटना राज्याच्या सीमेवर घडली म्हणून तक्रार टाळता येत नाही, हे किती मुलांना माहीत आहे? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाविना तपास करता येतो अशा गुन्ह्याची, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, मग गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो. हे समजावून सांगायला बंदूक लागत नाही.

फौजदार : गरज खरी आहे, मॅडम, त्याविषयी वाद नाही. पण गरज बसची असेल तर बस वाढवावी, दिव्यांची असेल तर दिवे लावावेत, आणि शिपाई कमी असतील तर भरती करावी. सरकारने करावयाचे काम विद्यार्थ्याच्या खांद्यावर टाकून त्याला सेवा म्हणणे सोपे असते. शिवाय पोलिसाचे काम बाहेरून दिसते तसे नसते. एखाद्याला थांबवणे, नाव-गाव विचारणे, पिशवी उघडायला लावणे आणि हे सारे लिहून ठेवणे, यांतच पोलिसाची खरी सत्ता असते. अटक ही फार पुढची पायरी. छातीवर पट्टा बांधलेल्या विद्यार्थ्याने ‘कुठे निघालास?’ असे विचारले, तर समोरच्या मुलाला तो प्रश्न मित्राचा आहे की ठाण्याचा, हे कसे कळावे? कायद्यानेही या वाटेवर ठेचा खाल्ल्या आहेत. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या कलम २१ ने विशेष पोलीस अधिकारी नेमण्याची सोय केली. अठरा ते पन्नास वर्षांच्या धडधाकट पुरुषाला तात्पुरते पोलिसाचे अधिकार देणारी ती तरतूद होती. अशाच स्वरूपाच्या तरतुदींचा आधार घेऊन छत्तीसगडमध्ये आदिवासी तरुणांना शस्त्रे देण्यात आली आणि अखेर ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाला ती व्यवस्था घटनाबाह्य ठरवावी लागली. अपुरे शिक्षण, अपुरे प्रशिक्षण आणि अल्प मानधन यांवर जीव धोक्यात घालणारे काम सोपविणे हा समतेच्या व जीविताच्या हक्काचा भंग आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

प्राध्यापिका : तो निकाल विद्यार्थी सेवक नेमण्याच्या सूचनेच्या विरोधात नाही, उलट तिची सीमा आखून देणारा आहे. तेथे दोष होता तो अधिकार आणि शस्त्र देण्याचा. १९६७ च्या अमेरिकी आयोगाने समुदाय सेवा अधिकाऱ्याला शस्त्र आणि अटकेचे पूर्ण अधिकार नाकारलेच होते. आपल्याकडील विद्यार्थी सेवकाला कायद्याने प्रत्येक नागरिकाला दिले आहे त्याहून कणभरही जास्त देऊ नये, एवढेच म्हणणे आहे. संहितेच्या कलम ४० नुसार आपल्यासमोर अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणताही नागरिक धरू शकतो, मात्र त्याला विनाविलंब, आणि फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. सेवकाने हा अधिकारसुद्धा न वापरता ११२ क्रमांकावर कळवावे आणि पीडित व्यक्तीजवळ थांबावे, असा नियम करता येईल.

फौजदार : नागरिकाहून जास्त काहीच द्यावयाचे नसेल, तर पोलिसांशी नाते जोडण्याचे कारण काय? पोलिसांचे नाव जोडले की अधिकार कागदावर नसला तरी लोकांच्या मनात येतो, आणि या जिल्ह्यांनी तसा अधिकार फार जवळून पाहिला आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९४७-४८ मध्ये लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकार दल हे कागदोपत्री स्वयंसेवकांचेच होते. सरकारने त्याकडे डोळेझाक केली आणि खेड्यांना त्याची किंमत मोजावी लागली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची लष्करी कारवाई सुरू झाली, १७ ला संस्थान शरण आले, पण त्यानंतरही सूड थांबला नाही. या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीने मुस्लिमांच्या सर्वाधिक हानीचे जे चार जिल्हे नोंदविले त्यांत उस्मानाबाद व नांदेड यांच्याबरोबर गुलबर्गा आणि बीदरही होते. म्हणजे एका बाजूच्या स्वयंसेवकांनी जे केले तेच दुसऱ्या बाजूच्या जमावांनी केले. कुंपणानेच शेत खाल्ल्याचा हा अनुभव दोन्ही समाजांच्या घराघरांत आहे. तेथे पट्टेवाल्या तरुणांची नवी तुकडी उभी करताना दहा वेळा विचार झाला पाहिजे.

प्राध्यापिका : इतिहास मान्य आहे, पण त्यातून निघणारा धडा वेगळा आहे. त्या दलांचे उत्तरदायित्व पक्षाला किंवा जमातीला होते; ज्यांचे रक्षण करावयाचे त्यांना ती काहीच उत्तर देत नव्हती. विद्यार्थी सेवक ज्यांच्यासाठी काम करतो त्यांनीच त्याला निवडले, त्यांनाच त्याला काढून टाकता आले, तर चित्र पालटते. याचे नमुने आपल्याच नियमांत आहेत. रॅगिंग रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये जे विनियम केले, त्यांत देखरेख आणि गस्तीसाठी एक पथक सांगितले आहे. त्यात आवारातील विविध घटकांचे प्रतिनिधी असावेत आणि बाहेरचा कोणी नसावा, असे स्पष्ट म्हटले आहे. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असलेल्या अंतर्गत समितीत, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असल्यास, पदवी, पदव्युत्तर व संशोधन अशा तीन स्तरांवरून लोकशाही पद्धतीने निवडलेले तीन विद्यार्थी घ्यावे लागतात. विद्यार्थ्यांच्या सहभागाचे तत्त्व अशा रीतीने स्वीकारले गेलेच आहे; राहिले आहे ते त्याला रोजच्या मदतीचे रूप देणे.

फौजदार : समिती बंद खोलीत बसते, पथक रस्त्यावर फिरते; आणि रस्त्यावर फिरणाऱ्याला माणसांकडे पाहण्याची सवय लागते. बाकावर बसलेल्या मुलगा-मुलीला पहिला प्रश्न हेच पथक विचारील, आणि दोघांचे धर्म वेगळे असतील तर तो प्रश्न आवाराबाहेर जायला वेळ लागणार नाही. अनुदान आयोगाच्याच ‘सक्षम’ या २०१३ च्या अहवालाने बजावले होते की, सुरक्षेच्या नावाखाली पहारा वाढवून मुलींच्या हिंडण्या-फिरण्यावर बंधने आणू नयेत. तरीही २०१५ च्या सुरक्षाविषयक मार्गदर्शक सूचनांत आवारातच पोलीस ठाणे असावे असे सुचविले गेले. कलबुरगीत तर विश्वविद्यालय पोलीस ठाणे या नावाचे ठाणेच आहे. ठाणे जवळ येते तेव्हा पथक त्याचे कान आणि डोळे बनते. बीदरमध्ये २१ जानेवारी २०२० रोजी एका शाळेत झालेल्या नाटकावरून राजद्रोहाचा गुन्हा नोंदविला गेला आणि लहान मुलांची पुन्हा पुन्हा चौकशी झाली. गणवेशातील, शस्त्रधारी पोलिसांनी मुलांना प्रश्न विचारणे हे बाल न्याय कायद्याचे प्रथमदर्शनी उल्लंघन आहे, असे कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले, आणि २०२३ च्या जून महिन्यात तो गुन्हाच रद्द केला. असा प्रसंग एखाद्या महाविद्यालयात उद्भवला, तर ठाणे पहिला निरोप विद्यार्थी सेवकालाच धाडणार : नाटकात कोण होते, संवाद कोणी लिहिले?

प्राध्यापिका : हा आक्षेप मात्र वजनाचा आहे, आणि त्याचे उत्तर चांगल्या हेतूंनी देता येणार नाही, नियमांनीच द्यावे लागेल. पहिला नियम असा की, सेवकाने गस्त घालून माणसे न्याहाळू नयेत. कोणी बोलावले तरच जावे. दुसरा नियम नोंदवहीचा. तिच्यात वेळ, ठिकाण आणि मदतीचा प्रकार एवढेच लिहावे. कोणाचे नाव, जात, धर्म, सोबत कोण होते यांपैकी काहीही लिहू नये. जे लिहिलेलेच नाही ते कोणालाही मागता येत नाही. तिसरा नियम हा की, सभा, निदर्शने, नाटक, निवडणूक आणि परीक्षा यांच्या ठिकाणी सेवकाला उभे करू नये. कारण तेथे मदत आणि नियंत्रण यांच्यातील रेषा पुसली जाते.

फौजदार : परीक्षेचा उल्लेख केलात ते बरे झाले. २०२५ च्या एप्रिलमध्ये बीदरच्या एका केंद्रावर सीईटी या प्रवेश परीक्षेसाठी आलेल्या मुलाला जानवे काढण्यास सांगितले गेले आणि त्याचा गणिताचा पेपर बुडाला. सांगणाऱ्याकडे पोलिसाचा अधिकार नव्हता, शस्त्र नव्हते. होती ती फक्त फाटकावरची छोटीशी सत्ता आणि अपुरे प्रशिक्षण. पण नोंदवहीच्या पुढेही एक अडचण आहे, जी ठाण्यात बसल्याशिवाय कळत नाही. मदतीला गेलेला विद्यार्थी आपोआप साक्षीदार होतो. त्याचा जबाब घेतला जातो, पंचनाम्यावर पंच म्हणून त्याचीच सही मागितली जाते, कारण पंच व्हायला गावात कोणी राजी नसते. मग पदवी घेऊन पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीस लागलेल्या त्या मुलाला काही वर्षांनी बीदरच्या न्यायालयाचे समन्स येते. रजा त्याची, प्रवास त्याचा, आणि आरोपीच्या नातेवाइकांचा रोषही त्याचाच. याची कल्पना त्याला पट्टा देताना कोणी देते काय?

प्राध्यापिका : देत नाही, आणि ती दिलीच पाहिजे. पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे, त्यातून सेवकाला सूट मागता येणार नाही. मात्र न पाहिलेल्या गोष्टीचा पंच होण्यासाठी त्याला हाताशी धरता कामा नये, असे संस्थेने ठाण्याला लेखी कळविता येईल. तक्रार ज्याची त्यानेच करावी, सेवकाने फक्त सोबत जावे. रॅगिंगच्या बाबतीत तर गुन्हा घडल्याचे दिसताच चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे प्रथम माहिती अहवाल दाखल करण्याची जबाबदारी २००९ च्या विनियमांनी संस्थाप्रमुखावर टाकलेली आहे. ती विद्यार्थ्यावर ढकलण्याचे कारण नाही.

फौजदार : आता पैशाकडे वळू. अमेरिकेतील विद्यार्थ्याला या कामाचे वेतन मिळते. आपल्याकडे काय मिळणार? प्रमाणपत्र, फार तर एखाद-दोन गुण. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला सदतीस विद्यापीठांत सुरू झाली तेव्हापासून सेवेचे तास मोजण्याची आपल्याला सवय आहे; वर्षाला १२० तास भरले की काम झाले. शेतमजुराचा मुलगा संध्याकाळी दुकानात काम करून खोलीचे भाडे भरतो, त्याने फुकट पहारा कशासाठी द्यावा? या मुलखाला निजामाच्या काळातील वेठ माहीत आहे. संस्थेने पहारेकऱ्याचा पगार वाचवावा आणि त्याला नागरिकत्वाचे शिक्षण म्हणावे, हे वेठीचेच नवे रूप ठरेल.

प्राध्यापिका : यावर दुमत नाही. काम तासावर मोजावे, त्याचे पैसे द्यावेत, विमा उतरवावा आणि एका पहारेकऱ्याचीही जागा यामुळे कमी होऊ नये. राष्ट्रीय सेवा योजनेच्या तासांत हे काम बसवू नये, हेही पटते; कारण सक्तीने आलेला सेवक मदतीला आलेला नसतो, हजेरी भरायला आलेला असतो. पण एका गोष्टीचा विचार व्हावा. केरळने २ ऑगस्ट २०१० रोजी शाळांत विद्यार्थी पोलीस कॅडेट योजना सुरू केली आणि २०१८ मध्ये केंद्राने ती देशभर नेली. आठवी-नववीच्या मुलांना कायदा आणि शिस्त शिकविणारी ही योजना महाविद्यालयापर्यंत येत नाही. मुलींसाठी बीदर जिल्ह्यात ‘अक्का पडे’ हे महिला पथक उभे राहिले, पण ते बाहेरून येणारे पथक आहे, वसतिगृहातील रात्र त्याला दिसत नाही. म्हणजे शाळेत कवायत आहे, रस्त्यावर पथक आहे, आणि मध्ये महाविद्यालयातील तीन-चार वर्षे रिकामी आहेत. ती तशीच ठेवावीत काय?

फौजदार : रिकामी ठेवू नयेत, पण ठाण्याच्या हाती देऊ नयेत. सेवक ठेवायचेच असतील तर ते विद्यार्थी कल्याण अधिष्ठात्यांच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहणाऱ्या वरिष्ठ प्राध्यापकाच्या, कक्षेत असावेत. खाकीचा रंग नको, शिट्टी नको, ओळखपत्र पुरे. ठाण्याला त्यांचा दूरध्वनी क्रमांक माहीत असण्याची गरज नाही. त्यांना ठाण्याचा माहीत असला म्हणजे झाले.

प्राध्यापिका : येथे मात्र मतभेद राहतो. पोलिसांशी काहीच ओळख नसलेला सेवक अडचणीत सापडलेल्या मुलीला ठाण्याच्या पायरीपर्यंत नेईल आणि तेथेच अडखळेल. ठाण्यातील एका ठराविक, शक्यतो महिला, अधिकाऱ्याशी त्याचा परिचय असला पाहिजे, आणि प्रशिक्षणाचा काही भाग पोलिसांनीच घेतला पाहिजे. पोलिसांना विद्यार्थ्यांपासून दूर ठेवून त्यांच्यातील अविश्वास कमी होत नाही, तो फक्त न बोलता टिकून राहतो.

या संवादातील सहमती मतभेदाहून मोठी आहे, आणि ती कशावर झाली हे पाहिले म्हणजे विषयाचा गाभा हाती लागतो. विद्यार्थी सेवकाची उपयुक्तता त्याच्याजवळ अधिकार आहे म्हणून नाही, तर तो नाही म्हणून आहे. घाबरलेली विद्यार्थिनी त्याला हाक मारते, कारण तो तिचे नाव लिहून घेणार नाही, घरी कळविणार नाही आणि ती कोणाबरोबर होती हे विचारणार नाही, असा तिला भरवसा असतो. त्याला अधिकाराचा लहानसा अंश दिला, तरी पोलिसांचे बळ तेवढ्याने वाढत नाही. उलट ज्या विश्वासापोटी लोक त्याच्याकडे येतात तो विश्वास मात्र संपतो. म्हणून पोलिसांच्या दृष्टीनेही अधिकारहीन सेवकच अधिक कामाचा ठरतो : त्याच्यामुळे ज्या तक्रारी कधीच ठाण्यापर्यंत आल्या नसत्या त्या येतील, आणि त्या तक्रारदाराच्या स्वतःच्या इच्छेने येतील.

उरलेला मतभेद पोलिसांशी असावयाच्या संबंधाचा आहे, आणि त्यावर एक कसोटी सुचविता येते. माहिती सेवकाकडून ठाण्याकडे जाते की ठाण्याकडून सेवकाकडे, हे पाहावे. कायदा काय सांगतो, तक्रार कोठे करावी, कोणता अधिकारी रात्री उपलब्ध आहे, ही माहिती ठाण्याने सेवकाला द्यावी. त्यासाठी प्राध्यापिका म्हणतात तसा परिचय आणि प्रशिक्षण आवश्यक आहे. आवारात कोण काय बोलतो, कोण कोणाबरोबर फिरतो, ही माहिती मात्र सेवकाकडून ठाण्याकडे जाऊ नये. त्यासाठी फौजदार म्हणतात तसे स्वतंत्र नियंत्रण आणि नावांवाचूनची नोंदवही आवश्यक आहे. मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू बोलणाऱ्या, दोन-तीन राज्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या या मुलखात योजना सुरू करणाऱ्या संस्थेने पथकाचे नाव आणि गणवेश ठरविण्याआधी हे नियम लेखी करावेत, ते चारही भाषांत वसतिगृहाच्या फलकावर लावावेत आणि सेवकाने नियम मोडल्यास त्याला काढण्याचा हक्क विद्यार्थ्यांच्या हाती ठेवावा; एवढे करण्याची तयारी नसेल, तर पथक न काढणेच अधिक सुरक्षित.